गोणाईचे गाऱ्हाणे

दरवर्षी 27 ऑगस्टला संत मोनिकेचा सण येतो. त्या दिवशी आपल्या देवळांतून मातेच्या अश्रूंचे माहात्म्य सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. मुलासाठी वर्षानुवर्षे रडणारी, प्रार्थना करणारी ती आफ्रिकेतील माउली अखिल ख्रिस्तसभेची आई झाली. परंतु तो उपदेश ऐकताना मला दुसऱ्या एका आईची हटकून आठवण होते. ती दूरदेशीची नव्हे, आपल्या मराठवाड्यातील. मोनिका रडली ती मुलगा देवापासून दूर गेला म्हणून; ही रडली ती मुलगा देवाच्या फार जवळ गेला म्हणून. तिचे नाव गोणाई. ती संत नामदेवांची आई.

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी नावाचे गाव आहे. हा जिल्हा तसा नवा. 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून तो वेगळा काढण्यात आला. गावाची कीर्ती मात्र सातशे वर्षांहून जुनी आहे. 1270 साली येथे नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते, आणि म्हणूनच गावाला ‘नर्सी नामदेव’ म्हणतात. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु वारकऱ्यांच्या मनात नर्सीचे स्थान पक्के आहे. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी नामदेवांना गुरूपदेश केला, अशीही कथा आहे. घराणे शिंप्याचे. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. पुढे हे कुटुंब पंढरपुरास राहिले आणि तेथेच आपल्या विषयाची खरी कथा घडली.

नामदेवांविषयी आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. ज्ञानेश्वरांबरोबर त्यांनी केलेली तीर्थयात्रा, पुढे पंजाबातील घुमान येथील त्यांचे वास्तव्य, शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झालेली त्यांची 61 पदे, हे सारे सर्वश्रुत आहे. पण नामदेवांच्या गाथेचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. त्या गाथेत संत एकटा बोलत नाही. त्याचे सारे घर बोलते. आई बोलते, बायको बोलते, सून बोलते, दळणकांडण करणारी दासी बोलते. आणि या बायका केवळ स्तुती करीत नाहीत, त्या तक्रार करतात. आपल्या भाषेत स्त्रीने स्वतःच्या आईपणाचे सुखदुःख स्वतःच्या नावाने सांगितल्याचे इतके जुने उदाहरण क्वचितच आढळेल.

गोणाईपासूनच आरंभ करू. तिला मूल नवसाने झाले, असे परंपरा सांगते. या जन्माची आणखी एक कथा महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात दिली आहे. तीनुसार नामदेव आईच्या पोटी आलेच नाहीत. दामाशेटींना ते नदीच्या प्रवाहात शिंपल्यात सापडले. संताचा जन्म अलौकिक असावा, ही भाविकांची इच्छा आपण समजू शकतो. परंतु गाथेत गोणाईच्या नावाने जे अभंग आहेत, त्यांत तिचा स्वर निराळाच आहे. हा मुलगा आपल्या गर्भात होता, त्याला आपण नऊ महिने वाहिले, तेव्हापासून त्याच्याविषयी किती आशा धरल्या, हे ती ठणकावून सांगते. चरित्रकाराने जो गर्भवास पुसून टाकला, तो आईच्या शब्दांनी परत आणला. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला येथे थांबून विचार करावासा वाटतो.

नामदेवांच्या बालपणीची नैवेद्याची गोष्ट तर मराठी घराघरांत सांगितली जाते. वडील गावाला गेले होते, म्हणून देवाला नैवेद्य दाखविण्याचे काम लहानग्या नाम्यावर आले. देव जेवत नाही हे पाहून तो हट्टाला पेटला, आणि अखेर देवाला जेवावे लागले. या गोष्टीत आपले लक्ष मुलाकडे आणि देवाकडे असते. ताट हातात देऊन मुलाला देवळाच्या वाटेला लावणाऱ्या आईकडे आपण पाहत नाही. आपल्या हातांनी तिने त्याला देवाच्या दारी पाठविले, आणि एके दिवशी तिच्या ध्यानात आले की तो पुरता परत आलेलाच नाही.

मुलगा मोठा झाला, संसाराला लागला. पण सुई, कात्री आणि गज यांत त्याचे मन रमेना. कापड विकायला धाडले तर तो ते दगडाला उधार देऊन आला, अशी एक कथा आहे. कथेत पुढे देव ती उधारी फेडतो. व्यवहारात मात्र घरची चूल आईला पेटवावी लागते. म्हणून गोणाई देवळात जाते आणि थेट विठ्ठलाशी भांडते. तिचे गाऱ्हाणे साधे आहे. हा एकुलता मुलगा मी कष्टाने वाढविला. म्हातारपणी तो आधार होईल असे वाटले. तू त्याला वेड लावून माझ्यापासून तोडलेस. आता माझा मुलगा मला परत दे. ज्या देवाला तिने नवस केला, त्याच देवाला ती जाब विचारते. यात श्रद्धेचा अभाव नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या दारी कोणी भांडायला जात नाही.

राजाईची तऱ्हा वेगळी. ती देवाकडे जात नाही, रखुमाईकडे जाते. एका बाईचे दुःख दुसरीला सांगावे, तसे ती सांगते. घरात दाणा नाही, मुले भुकेली आहेत, लोक हसतात, आणि तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला नादी लावले आहे. तेव्हा तूच त्याला समजाव. राजाईच्या पदरी चार मुलगे, नारा, विठा, गोंदा आणि महादा, आणि लिंबाई नावाची मुलगी. परिसाची कथा तिचीच आहे. परिसा भागवतांच्या घरी परीस होता. राजाईची दैना पाहून त्यांच्या बायकोने तो तिला दिला. लोखंडाचे सोने झाले, घरात धान्य आले, मुले पोटभर जेवणार होती. नामदेवांना हे कळताच त्यांनी तो परीस चंद्रभागेत फेकून दिला. वैराग्याचा दृष्टान्त म्हणून ही कथा कीर्तनात रंगते. पण त्या रात्री मुलांपुढे काय वाढावे, हा प्रश्न राजाईपुढे होताच. आपली परंपरा इतकी प्रामाणिक की तिने परीस फेकणाऱ्याचे वैराग्य जपून ठेवले आणि राजाईची तक्रारही जपून ठेवली.

या घरात आणखी एक होती, गंगाखेडहून आलेली जनाबाई. तिला ना घर, ना मूल. तिच्या एका अभंगात या कुटुंबातील माणसांची नावानिशी गणती आहे. सासू-सून, बाप-लेक, चार मुलगे, चार सुना, लेक, बहीण, आणि सर्वांत शेवटी ती स्वतः. पोटचे मूल नसलेल्या या बाईने विठ्ठलाला मात्र आईच्या रूपात पाहिले, संतरूपी मुलांना अंगाखांद्यावर घेतलेला लेकुरवाळा म्हणून. स्त्रीला मूल विसरेल, पण मी तुला विसरणार नाही, या आशयाचे परमेश्वराचे वचन यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे, हे आपल्या वाचकांना आठवेल. देवाच्या प्रेमाला उपमा शोधताना यरुशलेमचा संदेष्टा आणि गोदाकाठची दासी दोघेही आईपाशीच येऊन थांबले.

सर्वांत करुण कहाणी लाडाईची. ही नामदेवांची सून. 1350 साली पंढरपुरी महाद्वारात नामदेवांनी कुटुंबासह समाधी घेतली, अशी परंपरा आहे; देवळाची ती पायरी आजही ‘नामदेव पायरी’ म्हणून ओळखली जाते आणि पंढरीचा वारकरी तिच्यावर पाय ठेवीत नाही. लाडाई त्या वेळी बाळंतपणासाठी दूर गेली होती. सगळे घर एकाच दिवशी गेले आणि ती मागे राहिली. तिच्या नावाच्या अभंगात ती स्वतःला दोष देते, देवाला विचारते की मलाच का वगळलेस. पोटी मूल येणे हा सर्वत्र आनंदाचा प्रसंग. तिच्या वाट्याला तोच विरहाचे कारण होऊन आला. आईपणाचे सुख आणि दुःख एकाच क्षणी कसे येते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

येथे इतिहासाच्या दृष्टीने एक खुलासा करणे आवश्यक आहे. हे अभंग तोंडातोंडी फिरले, त्यांची बाडे पुष्कळ पुढच्या काळातील आहेत. त्यामुळे प्रत्येक शब्द गोणाईच्या किंवा राजाईच्याच मुखातला, असे म्हणता येणार नाही. कोणी नंतरच्या भक्ताने त्यांच्या नावाने रचना केली असणेही शक्य आहे. पण त्याने मूळ मुद्दा उणावत नाही, उलट अधिकच ठळक होतो. संताच्या गाथेत त्याच्या आईची आणि बायकोची फिर्याद हवी, तिच्याशिवाय गाथा पुरी होत नाही, असे पिढ्यान् पिढ्या गाणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना वाटले. ती फिर्याद त्यांनी गाळली नाही.

आता पुन्हा मोनिकेकडे वळू. तिची कहाणी आपल्याला कळते ती तिच्या मुलाच्या लेखणीतून. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्रात एक प्रसंग स्वतःला न वाचवता सांगितला आहे. 383 साली ते कार्थेजहून रोमला निघाले. आई सोडीना, म्हणून एका मित्राला निरोप द्यायचा आहे असे खोटे सांगून त्यांनी तिला किनाऱ्याजवळच्या संत सिप्रियनच्या स्मृतिस्थळी रात्रभर प्रार्थना करीत बसविले आणि आपण गुपचूप गलबतात चढले. पहाट झाली तेव्हा आई किनाऱ्यावर आक्रोश करीत होती. पुढे ती समुद्र ओलांडून त्यांच्यामागे गेली; 387 साली मिलान येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ओस्तिया बंदरात तिने देह ठेवला. मुलगा संत झाला, धर्माचार्य झाला. पण त्या पहाटेचा आईचा हंबरडा त्याने पुस्तकात लिहून ठेवला. तो न लिहिता तर आपली मोनिका आपल्याला अर्धीच कळली असती.

आणि पवित्र मरिया? लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात मागे राहतो. तीन दिवसांच्या शोधानंतर तो सापडतो, तेव्हा आई त्याला विचारते की तू आमच्याशी असे का वागलास, आम्ही किती कष्टी होऊन तुला शोधत होतो. त्याचे उत्तर तिला त्या वेळी उमगले नाही, असेही लूक स्पष्ट सांगतो. जपमाळेच्या आनंदाच्या रहस्यांत आपण हा प्रसंग पाचवा म्हणून स्मरतो. सप्तदुःखांच्या भक्तीत हाच प्रसंग दुःख म्हणूनही मोजला जातो. एकच घटना आनंदात आणि दुःखात, दोन्हींकडे! आईपण याहून वेगळे असते काय? पवित्र शास्त्राने कृपापूर्ण मरियेचा प्रश्न झाकला नाही. मग आपण आपल्या घरच्या आयांचे प्रश्न का झाकतो?

मराठी ख्रिस्ती साहित्यात हे धैर्य लक्ष्मीबाई टिळकांनी दाखविले. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 सालचा. मधली वर्षे पतीपासून दूर राहून, लहानग्या दत्तूला सांभाळीत त्यांनी कशी काढली, हे 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हसत-रडत सांगितले आहे. पती देवाच्या शोधात निघाला की घरात मागे उरलेल्या बाईचे काय होते, हा राजाईचाच प्रश्न. सहाशे वर्षांनी तो पुन्हा मराठीत, पुन्हा एका बाईच्या तोंडून विचारला गेला.

आपल्या धर्मग्रामांत गुरुदीक्षेचे सोहळे थाटात होतात. काही ठिकाणी एक जुनी सुंदर प्रथा पाळतात. नवदीक्षित धर्मगुरूच्या हातांना लावलेले पवित्र तेल ज्या वस्त्राने पुसले जाते, ते वस्त्र त्याच्या आईला देतात, आणि तिच्या मृत्यूनंतर ते तिच्या हातांत ठेवून तिला मूठमाती देतात. आपण तिला धन्य म्हणतो, हार घालतो, तिचे छायाचित्र काढतो. पण दुसऱ्या दिवशी मांडव उतरल्यावर रिकाम्या खोलीत ती काय विचार करीत असेल, हे तिला कोणी विचारीत नाही. व्रतस्थ होण्यासाठी मुलगी दूरच्या मठात पाठविणारी आई, परदेशी नोकरीला गेलेल्या मुलाची आई, नशेच्या नादी लागलेल्या मुलासाठी मोनिकेसारखी जागणारी आई, मूल होऊन गेलेली आणि मूल न झालेली, या साऱ्यांना आपण केवळ सोशिकपणाचा उपदेश करतो. सोसणे हा सद्गुण आहे खरा. पण बोलू न देणे हा सद्गुण नव्हे.

मराठवाड्यातील कॅथलिकांसाठी 1977 साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. कयाधूकाठच्या भूमीवर आज आपलेही भाऊबंद प्रार्थना करतात; त्यांच्या शेजारच्या घरांतून हे अभंग ऐकू येतात. गोणाईकडून त्यांनी आणि आपणही एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. देवापुढे गाऱ्हाणे मांडणे ही प्रार्थनाच आहे. स्तोत्रकर्त्यानेही तेच केले. येत्या मोनिकेच्या सणाला उपदेश थोडा आवरता घेऊन आपल्या आयांना बोलू द्यावे, आणि आपण ऐकावे. ज्या आईने ताट हातात देऊन आपल्याला देवाच्या दारी पाठविले, तिचे आपल्यावर तेवढे तरी देणे आहे.