न्हावा शेवा बंदर आणि साल्सा-२० : एका कूटपद्धतीचे स्थलांतर

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेत्या’ या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या डॅनिश कंपनीची संगणकयंत्रणा निकामी केली आणि त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या येथील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे कामकाज ठप्प झाले. या प्रणालीत योजिलेल्या एका कूटपद्धतीचा पूर्वेतिहास येथे संक्षेपाने मांडावयाचा आहे.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्ये साल्सा-२० ही प्रवाही कूटपद्धती सिद्ध केली. अशा पद्धतीत गुप्त किल्लीपासून बिटांचा अखंड ओघ निर्माण करून तो मूळ मजकुरात मिसळतात. साल्सामध्ये ३२ बिटांच्या १६ शब्दांवर बेरीज, एक्सॉर व चक्राकार सरकवणे या तीनच क्रिया २० फेऱ्यांत घडतात. बर्नस्टाइन यांनी निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी तिची स्वतंत्र असेंब्ली रूपे लिहिली. पॉवरपीसीच्या ३२ रजिस्टरांत सोळाही शब्द मावतात. जुन्या पेंटियमच्या आठ रजिस्टरांत ते मावत नाहीत, म्हणून स्मृतीकडे वारंवार जावे लागते. पेंटियम-४ मध्ये १२८ बिटांच्या रजिस्टरात चार शब्द एकत्र ठेवून चार बेरजा एकाच आज्ञेने साधता येतात. परंतु तेथे चक्राकार सरकवण्याची आज्ञा नसल्याने ते काम दोन साध्या सरकवण्या जोडून करावे लागते. रीती भिन्न असल्या तरी निष्पन्न होणारा ओघ मात्र सर्वत्र तोच असला पाहिजे, ही या साऱ्या खटाटोपाची मूलभूत अट होय.

मार्च २०१६ मध्ये आढळलेल्या मूळ ‘पेत्या’च्या कर्त्यांनी हीच अट मोडली. संगणक सुरू होतानाच्या १६ बिटी अवस्थेत साल्सा चालविताना त्यांनी ३२ बिटांची गणिते १६ बिटांच्या चलांत केली. त्यामुळे मिश्रण दुबळे झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये एका अनामिक संशोधकाने किल्ली काही सेकंदांत शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. कर्त्यांचा प्रमाद पीडितांच्या पथ्यावर पडला.

नॉटपेत्याने साल्साचाच वापर केला. परंतु पडद्यावर दाखविलेला ओळखक्रमांक यादृच्छिक असून किल्लीशी त्याचा संबंधच नव्हता. खंडणी भरूनही माहिती परत मिळणे त्यामुळे अशक्य होते. मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्याने सज्ज करावे लागले.

यावरून असे दिसते की, कूटपद्धती एका प्रोसेसरावरून दुसऱ्यावर नेताना वेगाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, निष्ठा शब्दाच्या रुंदीशी राखावी लागते. तो कस लावल्यावाचून असेंब्लीतील वेगाची तुलना करणे निरर्थक ठरते.