पोलीस सुधारणा: सगळ्या समाजांनी मिळून काय मागायचं?

आमच्या निर्मळमध्ये शंकराचार्य मंदिर आहे, होली क्रॉस चर्च आहे आणि कार्तिकातल्या जत्रेत सगळ्याच धर्मांची माणसं भेटतात. पण पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आली की प्रत्येक जण फक्त आपल्या समाजाचा ओळखीचा माणूस शोधतो. इथेच आपण कमी पडतो.

हा फक्त आपला प्रश्न आहे का?
नाही. परभणीचा इंजिनिअर ख्वाजा युनूस २००३ मध्ये मुंबई पोलिसांच्या कोठडीत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच परभणीत कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत मरण पावला. तो वडार समाजातला, आंबेडकरी कार्यकर्ता होता. नावं वेगळी, पण दोन्ही घरांचं दुःख आणि इन्साफसाठीची वणवण सारखीच.

कायदा काय सांगतो?
- प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणेचे सात आदेश दिले.
- त्यानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा बदलला. कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. निवृत्त हायकोर्ट न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असतात.
- २ डिसेंबर २०२० च्या निकालानुसार प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, सीसीटीव्ही हवेत.
- अटकेची खबर घरच्यांना द्यावी लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं.

एकत्र आल्याने काय होतं?
१९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू, मुस्लिम आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. आपल्या वसईतही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीत सर्वधर्मीय लोक गुंडगिरीविरुद्ध उभे राहिले होते.

आपण काय करू शकतो?
१ ऑक्टोबर २०२० पासून आपला भाग मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येतो. मशिदीची जमात, चर्चची मंडळी, बुद्धविहार, आदिवासी पाडे आणि गावकरी यांनी एकाच कागदावर सह्या करून तीन गोष्टी मागाव्यात: सीसीटीव्ही चालू आहेत का याची माहिती, ठाण्यात तक्रार प्राधिकरणाच्या पत्त्याचा मराठी-उर्दू फलक, आणि दर महिन्याला सर्व समाजांची बैठक. निवेदनाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवू. दुसऱ्या समाजाच्या मुलाला मारहाण झाली तरी आपण ठाण्यात जायला हवं, आणि चूक आपल्या माणसाची असेल तर तेही बोलायला हवं. सूरह निसाची १३५ वी आयत हेच शिकवते. पोलिसांनाही आठ तासांची ड्युटी आणि बरी घरं हवीत. ती मागणीही आपल्याच कागदावर असू द्या.