राजधानी हलली की अधिवेशनाला गेली?

रायपूरच्या समता कॉलोनीतून बोलतोय. आजची गोष्ट पत्त्यांची.

1956 पर्यंत आमच्या रायपूरच्या माणसाचं सरकार नागपुरात होतं. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. जुना पत्ता खोडून नवा लिहायचा, विषय संपला. (2000 साली, पुन्हा 1 नोव्हेंबरलाच, छत्तीसगड झालं आणि भोपाळही खोडलं.) उलट 1953 च्या नागपूर करारापायी महाराष्ट्राचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. फायली, मंत्री, सचिव सगळे तिकडे जातात. म्हणून मंत्रालयाचा मुंबईचा पत्ता कोणी खोडतं का?

वेबवर पहिल्या प्रकाराला 301 म्हणतात, दुसऱ्याला 302. फौजेत आम्ही पर्मनंट पोस्टिंग आणि टेम्पररी ड्यूटी म्हणायचो. दोन्हींत माणूस जागेवर नसतो, पण घरचं सामान एकातच हलतं.

टिम बर्नर्स-ली यांच्या 1991 च्या पहिल्या एचटीटीपीत असे आकडे नव्हतेच. सर्व्हर नुसतं पान पाठवायचा, चूक झाली तरी पानच. आकडे पुढे आले आणि 1996 च्या आरएफसी 1945 मध्ये 1.0 आवृत्तीबरोबर नोंदले गेले. तिथेच घोळ झाला. भरलेला अर्ज पाठवला आणि उत्तरात 302 आलं, तर तोच अर्ज जसाच्या तसा नव्या पत्त्यावर न्यायचा, असा नियम होता. ब्राउझर मात्र अर्ज वाटेतच टाकून रिकाम्या हाताने नवं पान मागायला जात. चूक इतकी पसरली की नियम लिहिणाऱ्यांनीच नमतं घेतलं आणि दोन अर्थांना दोन वेगळे आकडे दिले. 1997 मध्ये 303 आला: अर्ज मिळाला, आता तिकडे जाऊन निकाल बघा. 1999 मध्ये 307: तात्पुरतं तिकडे, अर्जासकट. कायमच्या बदलीत अर्ज शाबूत ठेवणारा 308 यायला मात्र 2014 उजाडलं. इतकी वर्षं का लागली, याचं मला आजही नवल वाटतं.

हा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. आमच्या निवृत्तांच्या एका छोट्या साइटवर दुरुस्ती निघाली. दोन दिवसांसाठी पेन्शनच्या अर्जाचं पान दुसरीकडे ठेवलं आणि करणाऱ्याने 302 ऐवजी 301 लावला. 302 आला की ब्राउझर एरवी पुढच्या वेळी पुन्हा मूळ पत्त्यावर विचारतो. 301 मात्र तो लक्षात ठेवतो आणि मूळ दारी परत जातच नाही. दुरुस्ती झाली, तात्पुरतं पान काढलं, आणि ज्यांनी त्या दोन दिवसांत साइट उघडली होती त्यांना अर्ज दिसेना. एक वीरपत्नी महिनाभर रोज फोन करत होत्या, ‘साहेब, फॉर्म कुठे गेला?’ आम्ही आमच्या कंप्युटरवर बघायचो, तिथे सगळं ठीक. तात्पुरत्या पत्त्यावरून उलट मूळ पत्त्यावर पाठवून पाहिलं, तर त्यांचा ब्राउझर दोन दारांमध्ये येरझारा घालत बसला.

शेवटी अर्ज त्या तात्पुरत्या पत्त्यावरच कायमचा ठेवावा लागला.