गुमगावच्या डंपवर

धाराशिवकडच्या वाशीच्या शिवारात सोयाबीन फुलोऱ्यात आलंय. पाऊस नुकताच उघडलाय, काळी माती पायाला चिकटतेय. एक रोप मुळासकट उपटा आणि मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी निघाली, म्हणजे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र रोपाला पुरवतायत. हा रंग डोळ्यांत ठेवा आणि चला मागच्या काळात.

१९८०च्या दशकातलं इंग्लंड, वोबर्नचं प्रयोगक्षेत्र. १९४२ ते १९६१ या काळात इथं शहरी सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घातला होता. तो थांबून वीसेक वर्षं उलटलीत. वाफ्यातलं क्लोव्हर, सोयाबीनसारखंच शेंगवर्गीय पीक, पिवळट दिसतंय. उपटून बघा: गाठी बारीक, आतून पांढऱ्या. गाळातलं जस्त, तांबं, कॅडमियम मातीतच राहिलं आणि कामाचे जिवाणू संपले. जिवाणूचा जो वाण तगला, तो गाठी करतो, नत्र देत नाही. वरून ही जमीन कुणालाही चांगलीच वाटली असती.

आता नागपूर जिल्हा. विसाव्या शतकाची शेवटची वर्षं, गुमगावची मँगनीज खाण. तुम्ही टाकाऊ दगडमातीच्या डंपवर चढताय. पाय घसरतो, टेकलेला हात काळा होतो, उन्हानं दगड पोळतायत. मूठभर चुरा उचला. त्यात सेंद्रिय कर्ब नावापुरता, नत्र बांधणारे जिवाणू जवळपास नाहीतच. इथं नुसतं रोप लावणं म्हणजे त्याला उपाशी मारणं.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी म्हणूनच आधी जिवाणूंची सोय केली. रोपासाठी खणलेल्या खड्ड्याजवळ जा, वास ओळखीचा वाटेल: साखर कारखान्याची मळी, प्रेसमड! आपल्या धाराशिवकडे कारखान्यांमागे तिचे ढीग असतात. इथं ती जिवाणूंचं अन्न होते, आणि तिच्यातला सेंद्रिय पदार्थ धातू धरून ठेवतो. सोबत रायझोबियम, अझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा बुरशी. मुळं पोचत नाहीत तिथं या बुरशीचे धागे शिरतात, स्फुरद आणतात आणि धातूचा काही भाग स्वतःतच अडवतात. मग शिसू, साग.

काही पावसाळे सरकू द्या. आता तुम्ही सावलीत उभे आहात. पण झाडाच्या उंचीवर भुलू नका. घातलेल्या मळीवर रोप काही काळ वाढतंच. खालचा पाचोळा हातानं बाजूला सारा, तो कुजतोय का ते बघा, शिसूच्या मुळावर गाठी शोधा, मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. तिथं काचेच्या थाळीत जिवाणूंच्या वसाहती मोजतात, तो आकडा मला झाडांच्या मोजणीहून मोलाचा वाटतो.

आणि मँगनीज? ते इथंच आहे. धातू कुजत नाही. जिवाणू त्याचं रूप बदलतात, त्याला बांधून ठेवतात, एवढंच. म्हणून उतार उतरून नाल्यावर जा, तपासणीसाठी बाटलीत पाणी भरा. पुढच्या पावसाळ्यातही भरा, त्याच्या पुढच्याही.