पालवणकर बाळू : चेंडू आणि कर्णधारपद

क्रिकेट हा साहेबाचा खेळ, हें वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, त्या खेळांत साहेबाला तालीम देणारा एक चर्मकार पुण्यांत होता, याचा विसरच पडतो. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाडास झाला; वडील लष्करांत होते. पुण्यास प्रथम पारशी मंडळींच्या मैदानाची झाडलोट त्यांनीं दरमहा ३ रुपयांवर केली. पुढें युरोपियनांच्या पूना जिमखान्यावर ४ रुपये मिळूं लागले. जाळीं बांधावीं, खेळपट्टीवर रूळ फिरवावा आणि सरावास आलेल्या साहेबांना चेंडू टाकावा, हें काम. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन् तास हात बसवीत असे. बॅट मात्र बाळूंच्या हातीं कोणी दिली नाहीं. मजुरानें चेंडू टाकावा, साहेबानें टोलवावा, असा तो श्रमविभाग!

पुढें पुण्याच्या हिंदु संघाला युरोपियनांवर मात करावीशी वाटली, तेव्हां ह्या गोलंदाजावांचून गत्यंतर उरलें नाहीं. बराच वाद होऊन बाळू संघांत आले. त्यांनीं हाताळलेला चेंडू मैदानांत सर्वांना चाले. मधल्या सुटींत चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. चेंडूला विटाळ नाहीं आणि कपाला आहे, हें शास्त्र कोणत्या स्मृतींतलें, असें आम्ही विचारूं इच्छितों.

१९०६ सालीं मुंबईंत हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें. १९११ च्या इंग्लंड-दौऱ्यांत हिंदी संघानें बहुतेक सामने गमावले, तरी एकट्या बाळूंनीं ११४ बळी घेतले. एवढें करूनही हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांना कधींच लाभलें नाहीं. इंग्लंडांतही पगारी खेळाडूला तो मान सहसा मिळत नसे. हटनला तो लाभला १९५२ सालीं. पण तेथील अडसर पेशाचा होता, आणि आमचा जन्माचा. अखेर १९२३ सालीं बाळूंचे धाकटे बंधु विठ्ठल हिंदु संघाचे कर्णधार झाले आणि संघ विजयी झाला. त्यानंतर चारच वर्षांनीं महाडास चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला.

तरुणपणीं आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान होता. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईंत काँग्रेसनें बाळूंनाच त्यांच्याविरुद्ध उभें केलें. आंबेडकरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५.