माउसची परीक्षा : लाकडी खोक्यापासून रणनीतीच्या खेळांपर्यंत

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा एक भाग म्हणून मान्यता दिली. त्यापूर्वी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक स्वरूपात खेळले गेले, तेव्हा गुजरातच्या तीर्थ मेहता याने ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या रणनीतिप्रधान खेळात कांस्यपदक मिळवले होते. खेळाला प्रतिष्ठा लाभली की साधनांचा बाजारही मागोमाग येतो. अंगठ्याखाली बटणांच्या रांगा असलेले आणि वेष्टनावर मोठमोठे आकडे मिरवणारे, रणनीतीच्या खेळांसाठी खास घडवलेले माउस आज विद्यार्थ्यांना भुरळ घालतात. असा माउस पारखायचा कसा, हा प्रश्न मात्र माउसइतकाच जुना आहे.

१९६४ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस तयार केला. लाकडी खोके, त्याखाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एकच बटण, एवढाच त्याचा संसार. पण या संशोधकांनी आपल्या अपत्याला आंधळेपणाने कौल दिला नाही. ‘नासा’च्या अर्थसाहाय्याने त्यांनी माउस, जॉयस्टिक, लाइट पेन, इतकेच नव्हे तर मेजाखाली बसवून गुडघ्याने हलवायचा दांडा, अशा अनेक साधनांची तुलना केली. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक विलक्षण गोष्ट होती. सरावलेल्या व्यक्तींच्या हाती माउस सरस ठरला. परंतु नवख्यांनी लाइट पेन आणि गुडघ्याचा दांडा अधिक वेगाने वापरला. म्हणजे परीक्षा केवळ पहिल्या काही मिनिटांची असती, तर माउस कदाचित तिथेच बाद झाला असता.

असे का होते, याचे गणित त्याआधीच हाती आले होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ हा अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमनुसार वाढतो. अंतर दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही; त्यात एका ठरावीक क्षणाची भर पडते. १९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत हाच नियम माउसला लावला. माउस स्पर्धक साधनांपेक्षा वेगवान ठरलाच. शिवाय त्याचा वेग मोकळ्या हाताच्या वेगाच्या जवळपास असल्याचे दिसले. अडसर यंत्राचा नव्हता, मानवी हाताचाच होता.

रणनीतीच्या खेळांनी या मर्यादेशी झुंज घेतली. १९९२ च्या ‘ड्यून २’ मध्ये एक तुकडी निवडायची, कडेच्या फलकावरून आज्ञा निवडायची आणि मग ठिकाण दाखवायचे, असा तीन टप्प्यांचा प्रवास होता. १९९४ च्या ‘वॉरक्राफ्ट’मध्ये चौकट ओढून चार तुकड्या एकदम निवडता येऊ लागल्या, १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये ही संख्या बारावर गेली. पडद्याच्या कडेला कर्सर टेकवून नकाशा सरकवण्याची सोयही फिट्सच्या नियमाला धरूनच आहे. कर्सर कडेपाशी आपोआप थांबतो, त्यामुळे ते लक्ष्य हाताला जणू अमर्याद रुंद भासते.

खास माउसवरील जादा बटणे आणखी एक पाऊल पुढे जातात. आज्ञा अंगठ्याखालीच असल्याने कर्सरचा प्रवासच वाचतो. पण येथे दुसरा नियम आडवा येतो. १९५२ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी दाखवले की, पर्याय वाढले की निर्णयाचा वेळही वाढतो. बारा बटणांचा माउस हाताचे ओझे कमी करतो आणि काही काळ ते मेंदूवर टाकतो. सरावाने ते हलके होते. म्हणूनच १९६७ चा धडा येथेही लागू पडतो.

वेष्टनावरील आकड्यांचीही हीच कथा. ८०० गणना प्रति इंच क्षमतेचा संवेदक सुमारे ०.०३ मिलिमीटर हालचाल टिपतो. क्षमता वाढवल्यास कर्सर कमी हालचालीत अधिक दूर जातो. पण हाताच्या मापाने अंतर आणि लक्ष्याची रुंदी दोन्ही एकाच प्रमाणात आक्रसतात, गुणोत्तर तेच राहते. त्यामुळे बऱ्याच मर्यादेपर्यंत वेळेत मोठा फरक पडत नाही, आणि त्यापलीकडे हाताचा सूक्ष्म कंपच आड येतो. तसेच सेकंदाला १२५ ऐवजी १००० वेळा संगणकाला स्थिती कळवणारा माउस फार तर ७ मिलिसेकंद वाचवतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवण्यास माणसाला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात.

याचा अर्थ नवा माउस निरुपयोगी असतो असा नाही. हाताच्या ठेवणीला साजेसा आकार, मनगटावरील ताण आणि बटणांची जागा यांनी दीर्घ खेळात खरा फरक पडतो. मात्र तो दुकानातील पाच मिनिटांत कळत नाही. जुना आणि नवा माउस काही दिवस आलटून पालटून वापरावा, खेळातील तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळावा, लागलेला वेळ आणि झालेल्या चुका दोन्ही नोंदवाव्यात, आणि पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरून निकाल देऊ नये. साठ वर्षांपूर्वी लाकडी खोक्याला जो न्याय मिळाला, तो याच पद्धतीने. विद्यार्थ्याच्या मर्यादित पैशांचे रक्षण करण्यासही ती पुरेशी आहे. तिला वही, पेन्सिल आणि थोडा धीर याखेरीज काही लागत नाही.