अटलांटिक कॉलेज (वेल्स)

अटलांटिक कॉलेज ही युनायटेड किंग्डममधील वेल्स या घटक देशातील एक आंतरराष्ट्रीय निवासी शाळा आहे. ती व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गन परगण्यात, ब्रिस्टल खाडीच्या काठी असलेल्या सेंट डोनॅट्स या मध्ययुगीन किल्ल्यात भरते. शाळेची स्थापना १९६२ साली झाली. तिचे पूर्ण नाव युनायटेड वर्ल्ड कॉलेज ऑफ द अटलांटिक असे असून युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस या शैक्षणिक चळवळीतील ती पहिली संस्था होय. नावात 'कॉलेज' हा शब्द असला तरी येथे पदवीचे शिक्षण दिले जात नाही. सोळा ते एकोणीस या वयोगटातील मुले-मुली दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी येथे येतात. महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयाच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पातळीशी हे शिक्षण साधारणपणे जुळते.

शाळेची रचना ब्रिटिश निवासी शाळेच्या परंपरेतील आहे, मात्र तिचा हेतू त्या परंपरेहून वेगळा आहे. परस्परांशी युद्धे केलेल्या वा करू पाहणाऱ्या राष्ट्रांतील तरुणांनी एका छताखाली राहावे, एकत्र शिकावे आणि इतरांचा जीव वाचवण्याची जबाबदारी एकत्र पेलावी, हा तिच्या स्थापनेमागील विचार होता. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी) हा अभ्यासक्रम पूर्णपणे स्वीकारून राष्ट्रीय अभ्यासक्रम सोडून देणारी ही जगातील पहिली शाळा मानली जाते.

पार्श्वभूमी

शाळेची कल्पना जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान (१८८६–१९७४) यांची. बर्लिनमधील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हान यांनी ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतले होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, जर्मन साम्राज्याचे अखेरच्या काळातील चॅन्सेलर प्रिन्स माक्स फॉन बाडेन यांच्या साहाय्याने त्यांनी जर्मनीत सालेम ही निवासी शाळा काढली. १९३२ मध्ये नाझी कार्यकर्त्यांनी पोटेम्पा या गावी एका कामगाराचा खून केला आणि हिटलरने खुन्यांची उघडपणे पाठराखण केली. तेव्हा हान यांनी सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून हिटलर किंवा सालेम यांपैकी एकाची निवड करण्यास सांगितले. हिटलर सत्तेवर आल्यावर मार्च १९३३ मध्ये हान यांना अटक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या मध्यस्थीनंतर त्यांची सुटका झाली व ते ब्रिटनमध्ये आले. १९३४ साली त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा स्थापन केली. १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे सुरू झालेल्या आउटवर्ड बाउंड या साहसशिक्षण संस्थेच्या उभारणीतही त्यांचा प्रमुख वाटा होता.

आधुनिक जीवनामुळे तरुणांचा सहा बाबतींत ऱ्हास होत आहे, असे हान यांचे प्रतिपादन होते. शारीरिक क्षमता, पुढाकार, स्मरण व कल्पनाशक्ती, कौशल्य व काळजीपूर्वक काम करण्याची वृत्ती, स्वयंशिस्त आणि करुणा या त्या सहा बाबी. यांपैकी करुणेचा ऱ्हास त्यांना सर्वांत घातक वाटे. तरुणांना युद्धाचे जे आकर्षण वाटते त्याच्या तोडीचे आकर्षण दुसऱ्याचा जीव वाचवण्याच्या कार्यातही असते, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे बचावकार्य हा त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभा बनला.

१९५५ साली एअर मार्शल सर लॉरेन्स डार्व्हल यांच्या निमंत्रणावरून हान यांनी पॅरिसमधील नाटो संरक्षण महाविद्यालयाला भेट दिली. दहा वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांचे अधिकारी तेथे एकत्र अभ्यास करीत होते. जे प्रौढ अधिकाऱ्यांच्या बाबतीत शक्य झाले ते मतांना आकार येण्याच्या वयातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत अधिक खोलवर साधेल, असे हान यांना वाटले. त्यातून अटलांटिक कॉलेजची योजना आकारास आली.

स्थापना व विस्तार

सेंट डोनॅट्स किल्ला अनेक शतके स्ट्रॅडलिंग या घराण्याकडे होता. १९२५ साली तो अमेरिकी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी विकत घेतला. विल्टशायरमधील ब्रॅडनस्टोक मठाचे काही भाग उतरवून आणून त्यांनी ते या किल्ल्यात बसवले. ते दालन आजही ब्रॅडनस्टोक हॉल या नावाने ओळखले जाते. १९६० साली अँतोनँ बेस (दुसरे) यांनी हा किल्ला खरेदी करून नियोजित शाळेला दान दिला.

१९६२ च्या शरद ऋतूत शाळा सुरू झाली. ब्रिटिश नौदलातील निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होर हे तिचे पहिले मुख्याध्यापक. आरंभी केवळ मुलांना प्रवेश होता. १९६७ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. शाळेच्या नावातील 'अटलांटिक' हा शब्द शीतयुद्धकाळातील पाश्चात्त्य राष्ट्रांच्या आघाडीची आठवण करून देणारा होता. पुढे लॉर्ड माउंटबॅटन यांच्या नेतृत्वाखाली हे क्षितिज रुंदावले आणि चळवळीने युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस हे नाव धारण केले. माउंटबॅटन यांच्यानंतर १९७८ ते १९९५ या काळात तत्कालीन युवराज चार्ल्स हे चळवळीचे अध्यक्ष होते. त्यानंतर जॉर्डनच्या राणी नूर व नेल्सन मंडेला यांनी चळवळीतील सर्वोच्च पदे भूषवली.

अटलांटिक कॉलेजच्या नमुन्यावर पुढे कॅनडा (१९७४), अमेरिका व इटली (दोन्ही १९८२), हाँगकाँग (१९९२), नॉर्वे (१९९५) आदी देशांत भगिनीसंस्था उभ्या राहिल्या. यादवी युद्धाने दुभंगलेल्या बॉस्निया-हर्झगोव्हिनातील मोस्तार शहरात २००६ साली निघालेली शाळा ही मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळची म्हणता येईल.

अभ्यासक्रम

पहिल्या दशकात शाळेत इंग्लंडमधील ए-लेव्हल हा परीक्षाक्रम शिकवला जात असे. त्यात दोन अडचणी होत्या. सोळाव्या वर्षीच विद्यार्थ्याला साधारण तीन विषयांपुरते मर्यादित व्हावे लागे आणि विज्ञान निवडणाऱ्याचा साहित्याशी, तर साहित्य निवडणाऱ्याचा विज्ञानाशी संबंध तुटे. शिवाय मायदेशी परतणाऱ्या विद्यार्थ्याला तेथील विद्यापीठ या परीक्षेच्या आधारे प्रवेश देईलच, याची शाश्वती नव्हती.

याच सुमारास जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये सर्व देशांना मान्य होईल अशा शालान्त परीक्षेचा विचार सुरू होता. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शिक्षण विभागाचे प्रमुख अलेक पीटरसन हे अकाली विषयमर्यादेचे टीकाकार होते. अटलांटिक कॉलेजच्या अभ्यासक्रमाच्या आखणीत त्यांनी भाग घेतला होता. १९६८ साली जिनिव्हा येथे आयबी संघटनेची अधिकृत स्थापना झाली व पीटरसन तिचे पहिले महासंचालक झाले. १९७१ साली अटलांटिक कॉलेजने ए-लेव्हल सोडून संपूर्ण शाळेसाठी आयबी स्वीकारला. नव्या, अद्याप पुरेशी मान्यता न मिळालेल्या परीक्षेवर आपल्या सर्व विद्यार्थ्यांचे भवितव्य सोपवण्याचा हा निर्णय धाडसाचा होता. त्यामुळे नव्या परीक्षेला आवश्यक ते बळ मिळाले.

आयबी पदविका अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला सहा विषय घ्यावे लागतात. भाषा व साहित्य, दुसरी भाषा, समाजशास्त्रे, विज्ञान, गणित आणि कला असे सहा गट असून कलेऐवजी अन्य गटातील आणखी एक विषय घेता येतो. साधारणतः तीन विषय उच्च स्तरावर (प्रत्येकी २४० तास) व तीन सामान्य स्तरावर (प्रत्येकी १५० तास) शिकवले जातात. प्रत्येक विषयाला १ ते ७ गुण असतात. त्याखेरीज पुढील तीन घटक सर्वांना अनिवार्य आहेत :

• ज्ञानमीमांसा – आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे असे आपण कशाच्या आधारे म्हणतो, गणितातील सिद्धता आणि इतिहासातील पुरावा यांत फरक काय, अशा प्रश्नांची चर्चा.
• दीर्घ निबंध – विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयावर कमाल ४,००० शब्दांचे संशोधनपर लेखन.
• सर्जनशीलता, कृती व सेवा – कला, शारीरिक उपक्रम आणि समाजसेवा यांतील नियमित सहभाग.

ज्ञानमीमांसा व दीर्घ निबंध यांना मिळून अधिकाधिक ३ गुण असल्याने एकूण गुण ४५ होतात. उत्तीर्ण होण्यासाठी इतर अटींसह किमान २४ गुण लागतात. सेवेच्या घटकाला गुण नसतात, परंतु तो पूर्ण केल्याशिवाय पदविका मिळत नाही. सेवा ही स्पर्धेची बाब नसावी, पण ती ऐच्छिकही राहू नये, असा मेळ या तरतुदीने घातला आहे.

अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे. मात्र विद्यार्थ्याने आपल्या भाषेपासून तुटू नये यासाठी आयबीमध्ये स्वयं-अध्ययनाची सोय आहे. ज्या भाषेचा शिक्षक शाळेत नाही त्या मातृभाषेतील साहित्यही विद्यार्थ्याला मार्गदर्शनाखाली स्वतः अभ्यासून परीक्षेस घेता येते.

सागरी बचावकार्य

ब्रिस्टल खाडीतील भरती-ओहोटीचा फरक जगातील सर्वाधिक फरकांपैकी एक आहे. शाळेखालचा किनारा खडकाळ व उभ्या कड्यांचा असल्याने तेथे बचावपथकाची खरीखुरी गरज होती. शाळेत समुद्रकिनारा बचाव, कडा बचाव व नौका बचाव अशी पथके तयार करण्यात आली. ब्रिटनमधील सागरी बचावाचे कार्य करणाऱ्या रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या स्वयंसेवी संस्थेचे केंद्र १९६३ साली शाळेतच सुरू झाले आणि विद्यार्थी त्याचे नाविक बनले. १९६९ साली येथील एक १८ वर्षांची विद्यार्थिनी या संस्थेच्या किनारी बचावनौकेवरील पहिली महिला नाविक ठरली.

पथकांच्या हवा भरलेल्या रबरी नौका खडकाळ किनाऱ्यावर घासून लवकर फाटत. त्यावर उपाय म्हणून होर यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने नौकेच्या तळाला लाकडी फळीचा टणक सांगाडा जोडण्याचे प्रयोग केले. त्यातून टणक तळाची हवाफुगी नौका सिद्ध झाली. या शोधाचे एकस्व होर यांनी बचावसंस्थेला नाममात्र १ पौंडात दिले. संस्थेने १९७२ पासून वापरात आणलेल्या नौकांच्या वर्गाला शाळेवरून 'अटलांटिक' हे नाव देण्यात आले. आज जगभरातील तटरक्षक दले व नौदले या प्रकारच्या नौका वापरतात. शाळेतील बचावकेंद्र २०१३ साली बंद झाले.

निवासी जीवन व प्रवेश

ब्रिटिश निवासी शाळांप्रमाणे येथे विद्यार्थी 'हाऊस' या वसतिगृहांत विभागलेले असतात. काही वसतिगृहांना ग्विनेड, पाउइस, मॉर्गानुग अशी जुन्या वेल्श प्रदेशांची नावे आहेत. शिक्षकही आवारातच राहतात. गणवेश नाही. एका खोलीत वेगवेगळ्या देशांतील विद्यार्थी एकत्र ठेवण्याची पद्धत आहे. झोपण्याची वेळ, खोलीची स्वच्छता, सणवार, प्रार्थना यांबाबतची रोजची तडजोड हा येथे औपचारिक अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा भाग समजला जातो. सुमारे ३५० विद्यार्थी एका वेळी शिकत असतात.

विद्यार्थ्यांची निवड प्रामुख्याने दीडशेहून अधिक देशांतील राष्ट्रीय समित्यांमार्फत होते. या समित्यांचे काम मुख्यत्वे माजी विद्यार्थी व स्वयंसेवक पाहतात. निवड करताना परीक्षेतील गुणांबरोबर जिज्ञासा, सहजीवनाची तयारी व सेवावृत्ती यांचा विचार केला जातो. कुटुंबाच्या आर्थिक स्थितीनुसार अंशतः वा पूर्ण शिष्यवृत्ती दिली जाते.

अंतर्विरोध

समतेचे ध्येय आणि निवासी शाळेचा खर्च यांचा मेळ घालणे हा शाळेपुढील कायमचा प्रश्न आहे. शिष्यवृत्त्यांचा निधी देणगीदारांवर अवलंबून असतो व पूर्ण शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे शाळेच्या खर्चाचा काही भाग भागतो. निर्वासित छावणीतून आलेला विद्यार्थी आणि राजघराण्यातील वारस एकाच वर्गात बसणे हे शाळेचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते; पण प्रसिद्धी मात्र बहुधा दुसऱ्यालाच मिळते. दुसरा अंतर्विरोध भाषेचा आहे. सर्व संस्कृतींना समान मानणाऱ्या शाळेचा व्यवहार इंग्रजीत चालत असल्याने ती भाषा नव्याने शिकणाऱ्यावर अधिक भार पडतो. तिसरा प्रश्न अभ्यासक्रमाचा. विद्यापीठ प्रवेशासाठी ४५ पैकी गुणांना आलेले महत्त्व सेवेसाठीचा वेळ व मन दोन्ही व्यापू शकते. शाळेने ज्या अभ्यासक्रमाला बळ दिले, तो पुढे अनेक देशांत मुख्यतः सधन वर्गाच्या शाळांतून पसरला, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

उल्लेखनीय माजी विद्यार्थी

• विलेम-अलेक्झांडर – नेदरलँड्सचे राजे
• राजकन्या एलिझाबेथ – बेल्जियमच्या युवराज्ञी
• राजकन्या लिओनोर – स्पेनच्या युवराज्ञी
• ज्युली पायेत – कॅनडाच्या अंतराळवीर व माजी गव्हर्नर जनरल
• योर्मा ओलिला – नोकिया कंपनीचे माजी प्रमुख
• एल्युनेड मॉर्गन – वेल्समधील राजकीय नेत्या, २०२४ मध्ये वेल्सच्या फर्स्ट मिनिस्टर

महाराष्ट्रातील भगिनीसंस्था

युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस चळवळीची भारतातील शाळा महाराष्ट्रात आहे. महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज ऑफ इंडिया ही संस्था १९९७ साली पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, पौडजवळील खुबवली येथे सुरू झाली. मुळा नदीच्या खोऱ्याकडे पाहणाऱ्या टेकडीवरील तिच्या वास्तूंची रचना वास्तुविशारद क्रिस्टोफर बेनिंजर यांनी केली आहे. वेल्समधील शाळेला जुना किल्ला मिळाला, तर मुळशीतील शाळा माळरानावर नव्याने उभारली गेली. दोन वर्षांचा आयबी पदविका अभ्यासक्रम, निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांचे सहजीवन आणि अनिवार्य सेवा ही सूत्रे मात्र दोन्हीकडे समान आहेत. समुद्राऐवजी येथे सेवेचे क्षेत्र परिसरातील गावे व सह्याद्रीचा निसर्ग हे आहे.

हे सुद्धा पहा

• कुर्ट हान
• इंटरनॅशनल बॅकलॉरिएट
• गॉर्डनस्टन
• आउटवर्ड बाउंड
• महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज ऑफ इंडिया